जपानी मोकुहांगा आणि संगणकीय कोरणी : लाकडी ठसा यंत्राच्या मदतीने कसा घडवावा

जपानी पद्धतीच्या लाकडी ठशांच्या छपाईत, म्हणजे मोकुहांगामध्ये, तेलाची शाई, रूळ आणि छापयंत्र या तिन्हींना जागा नाही. पाण्यात कालवलेला रंग आणि थोडी तांदळाची खळ ब्रशने ठशावर पसरायची, ओलसर कागद त्यावर पालथा ठेवायचा आणि बांबूच्या पानात गुंडाळलेल्या बारेन नावाच्या चपट्या गोल गादीने कागदाची पाठ घासून छाप उमटवायची, एवढीच तिची यंत्रणा. लेझर किंवा सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेनुसार फिरत्या कटरने लाकूड कोरणारे यंत्र) वापरून असा ठसा कोरायचा असेल, तर तेलशाईच्या वुडकटसाठी सांगितलेली मापे जशीच्या तशी चालत नाहीत. रूळ फक्त उठावावरून फिरतो, पण ब्रशचे केस खोलगट भागातही शिरतात आणि तिथे रंग साठवतात. खोली किती, कडेचा उतार किती, लाकूड कोणते हे सगळे या एका फरकावरून ठरते.

यंत्राला नेमके कोणते काम द्यायचे, हे आधी ठरवावे लागते. जपानच्या एदो काळातल्या (१६०३ ते १८६८) छापचित्रांमागे प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा अशी चार वेगळी माणसे असत. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबु या चित्रकाराच्या काळात अनेक रंगांची छपाई रूढ झाल्यावर एका चित्राला दहा किंवा त्याहून जास्त ठसे लागू लागले. कोरणाऱ्याच्या कार्यशाळेतही कामाची उतरंड होती. चेहरा आणि केसांच्या रेषा मुरलेला कारागीर कोरायचा, कपडे आणि बाकीचा देखावा त्याच्या हाताखालच्यांकडे जायचा, आणि रेषांमधली रिकामी जागा खणून साफ करण्याचे कंटाळवाणे काम शिकाऊ मुलांच्या वाट्याला यायचे. माझ्या मते यंत्राची जागा या शिकाऊ मुलांची आहे. रंगाचे सपाट ठसे त्याला पूर्ण कोरू द्यावेत, रेषांच्या ठशावर फक्त मोकळी जमीन साफ करू द्यावी, आणि रेषेची कड सुरीने स्वतः कापावी. छपाईत यंत्राला काहीच काम नाही. पुढची सगळी कृती या वाटणीवर बेतलेली आहे. ज्यांना सगळेच यंत्राने कोरायचे आहे त्यांच्यासाठी लागणारी मापेही ओघात येतील.

चित्र आणि ठशांची विभागणी

पहिल्या चित्रासाठी साधारण १८ गुणिले १३ सेंटिमीटरची प्रतिमा पुरे. एक रेषाठसा आणि तीन रंगठसे धरावेत. समजा, किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होडी, मागे समुद्र आणि वर संध्याकाळचे आकाश असे चित्र आहे. त्यात होडीची बाह्यरेषा, दोर आणि लाटांच्या रेषा रेषाठशावर येतील. होडीचा तपकिरी आणि वाळूचा फिकट पिवळा हे एकमेकांना चिकटले नसतील तर एकाच फळीवर मावतात, कारण ब्रश वेगवेगळे ठेवून दोन्ही रंग एकाच वेळी लावता येतात. समुद्राच्या निळ्याला दुसरी फळी आणि आकाशाला तिसरी. आकाशाच्या फळीवर कोरायला जवळजवळ काहीच नसते, पण छपाईत सर्वांत जास्त वेळ तीच खाते.

चित्र हाताने काढून स्कॅन करावे किंवा थेट पडद्यावर काढावे, पण शेवटी प्रत्येक ठशाचा आकार इंकस्केप किंवा इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेक्टर रूपात, म्हणजे बिंदूंना जोडणाऱ्या रेषांच्या रूपात, आणावा. आपोआप ट्रेस करून घेतलेल्या रेषांवर शेकडो अनावश्यक बिंदू येतात, आणि राउटर त्या प्रत्येक बिंदूवर किंचित थबकतो. त्यामुळे कडेला बारीक दाते उमटतात. ट्रेसनंतर बिंदू कमी करून रेषा पुन्हा हाताने ओढून घेण्यात तासभर गेला तरी तो सत्कारणी लागतो.

चारही ठसे एकाच फाइलमध्ये, एकाच मापाच्या चौकटीत आणि वेगवेगळ्या लेयरवर ठेवावेत. रंगाचा आकार रेषेच्या आत नेमका संपवू नये. तो रेषेखाली तिच्या निम्म्या जाडीइतका, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, सरकू द्यावा. इंकस्केपमध्ये आउटसेट आणि इलस्ट्रेटरमध्ये ऑफसेट पाथ या आज्ञेने हे होते. जिथे दोन रंग रेषेविना भेटतात तिथे फिकट रंगाचा आकार गडद रंगाखाली तेवढाच सरकवावा.

फाइल उलटी करण्यात हमखास गोंधळ होतो. यंत्राने थेट कोरायचा ठसा आरशातल्यासारखा उलटा हवा, पण कागदावर छापून पालथा चिकटवायचा नकाशा सुलटाच हवा, कारण पालथा घालताना तो आपोआप उलटतो. शिवाय लेझर कटिंगच्या दुकानात फाइल दिली की तिथला माणूस मदत म्हणून ती आणखी एकदा उलटवण्याची शक्यता असते. यावर सोपा उपाय आहे. चित्राबाहेरच्या, पुढे खणून जाणाऱ्या भागात एक छोटा ‘क’ ठेवावा आणि काम सुरू होण्याआधी पडद्यावर तो उलटा दिसतो आहे की नाही हे स्वतः पाहावे.

लाकूड

मोकुहांगाचे लाकूड झाडाच्या लांबीच्या दिशेने कापलेल्या फळीचे असते. युरोपीय वुड एनग्रेव्हिंगसारखे ते आडव्या छेदाचे नसते. जुन्या कार्यशाळांत यामाझाकुरा, म्हणजे डोंगरी चेरी, वापरली जायची, आणि केसांसारख्या रेषांसाठी काही वेळा बॉक्सवुडचा तुकडा बसवला जायचा. आज शिकणारे बहुतेक लोक शिना प्लाय वापरतात. हे जपानी लिंडन वर्गातल्या झाडाचे मऊ, एकसारख्या पोताचे प्लायवुड आहे. यंत्राच्या दृष्टीने त्याचा मोठा फायदा असा की ओलाव्याने ते फारसे फुगत किंवा वाकत नाही. भरीव लाकडाची फळी एका बाजूने खणली की ती हळूहळू वाटीसारखी वळते आणि मग जुळणी बिघडते.

भारतात शिना प्लाय मागवावे लागते आणि ते महाग पडते. मोठ्या शहरांत लेझरच्या कामासाठी मिळणारे बर्च प्लाय हा त्यातल्या त्यात चांगला पर्याय आहे. ते शिनापेक्षा कठीण असल्याने सुरीला जास्त जोर लागतो, पण यंत्राला त्याचे काही वाटत नाही, म्हणून ते रंगठशांसाठी वापरावे आणि रेषाठशापुरता शिनाचा एक तुकडा राखावा. एमडीएफ टाळावे. कोरताना ते लोण्यासारखे कापले जाते हे खरे, पण पाण्याच्या रंगाने त्याचा पृष्ठभाग फुगून खरबरीत होतो, आणि ते वॉर्निशने बंद केले तर रंग थेंबाथेंबाने गोळा होतो. मरीन प्लायमधला गडद गोंद लेझरला दाद देत नाही. सागवान कोरायला उत्तम असले तरी त्यातल्या तेलकटपणामुळे पाण्याचा रंग एकसारखा बसत नाही.

चारही फळ्यांवर तंतूंची दिशा एकच ठेवावी. साधारणपणे ती चित्राच्या लांब बाजूला समांतर असते. लाकूड ओलाव्याने तंतूंना आडव्या दिशेने जास्त फुगते, त्यामुळे एक फळी आडवी आणि एक उभी घेतली तर चित्राचे रंग एका टोकाला जुळतात आणि दुसऱ्या टोकाला सरकतात.

लेझर की राउटर

लेझर बारीक आकार सहज काढतो आणि त्याला फळी घट्ट पकडून ठेवण्याची गरज नसते, पण तो लाकूड जाळून काढतो. ठशाची कड कोळसते, पृष्ठभागावर धुराचा चिकट थर बसतो, आणि प्लायमधल्या गोंदापाशी खोली असमान होते. पृष्ठभाग वाचवण्यासाठी कोरण्याआधी फळीवर कागदी मास्किंग टेप लावावी. पीव्हीसीची पातळ फिल्म मात्र कधीही वापरू नये, कारण ती जळताना क्लोरीनयुक्त विषारी वायू सुटतो आणि यंत्रही गंजते. एकाच फेरीत पूर्ण ताकदीने खोल जाण्याऐवजी कमी ताकदीच्या तीन-चार फेऱ्या घ्याव्यात, हवेचा झोत चालू ठेवावा, धूर बाहेर जाण्याची सोय असावी, आणि यंत्र चालू असताना खोली सोडून जाऊ नये. लेझरचा आणखी एक दोष म्हणजे तो जवळपास उभी भिंत कापतो. बारीक रेषेला दोन्ही बाजूंनी उभी भिंत असली की ब्रशच्या रेट्याने ती मुळापासून मोडते. लाइटबर्न या लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये रबरी शिक्के बनवण्यासाठी रॅम्प नावाची सोय आहे. तिच्यामुळे उठावाच्या भोवती उतार राहतो. रेषा लेझरने कोरायच्या असतील तर ती वापरलीच पाहिजे.

राउटरचा व्ही-आकाराचा कटर तो उतार आपोआप देतो, म्हणून मोकुहांगासाठी मला राउटर जास्त पसंत आहे. मात्र कटरच्या कोनाचे गणित समजून घ्यावे लागते. ६० अंशांचा कटर दीड मिलिमीटर खोल गेला की वर सुमारे १.७ मिलिमीटर रुंद चर पडतो, ३० अंशांच्या कटरने तोच चर ०.८ मिलिमीटरचा होतो. रेषांमधले अंतर त्याहून कमी असेल तर सॉफ्टवेअर खोली आपोआप कमी करते. म्हणजे दोन रेषांमध्ये ०.४ मिलिमीटर जागा असेल तर ३० अंशांचा कटर तिथे पाऊण मिलिमीटर खोल जाईल, पण ६० अंशांचा कटर जेमतेम ०.३५ मिलिमीटर. एवढ्या उथळ चरात पाण्याचा रंग भरून राहतो आणि छापताना दोन रेषांची एकच जाड रेषा होते. बारीक कामाला ३० अंशांचा कटर घ्यावा, आणि त्याचे टोक नाजूक असल्याने वेग कमी ठेवावा.

फळीच्या सपाटीकडे तर काटेकोरपणे पाहावे लागते. प्लायवुड कुठे ०.२ मिलिमीटर उंच असेल तर ६० अंशांचा कटर तिथे तेवढाच जास्त खोल जातो आणि रेषेच्या प्रत्येक बाजूने ०.११ मिलिमीटरहून थोडे जास्त लाकूड खातो. ०.४ मिलिमीटरची रेषा मग ०.१७ वर येते. फाइल निर्दोष असूनही चित्राच्या एका कोपऱ्यातल्या रेषा जाड आणि दुसऱ्या कोपऱ्यातल्या केसासारख्या दिसतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. यंत्रात पृष्ठभाग मोजून उंची जुळवण्याची सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर खालचा बळीचा पाट, म्हणजे कटर लागून खराब झाला तरी चालेल असा यंत्रावरचा बदलता बोर्ड, आधी यंत्रानेच सपाट करून घ्यावा आणि फळी त्यावर दुहेरी चिकटपट्टीने पूर्ण चिकटवावी. कडेला शिकंजा लावला तर पातळ फळी मध्ये फुगते.

मोठी जमीन साफ करण्यासाठी ३ मिलिमीटरचा सपाट कटर लागतो. त्यात डाउनकट प्रकार निवडावा. तो तंतू खाली दाबत जातो, त्यामुळे वरची कड स्वच्छ राहते. नेहमीचा अपकट कटर भुसा चांगला बाहेर काढतो, पण जाता जाता वरचा पापुद्रा उचकटतो.

आधी चाचणीपट्टी

ज्या लाकडावर काम करायचे त्याच लाकडाच्या १० गुणिले ५ सेंटिमीटरच्या तुकड्यावर ०.२, ०.३, ०.४, ०.६ आणि १ मिलिमीटर जाडीच्या रेषा कोराव्यात, आणि त्या तीन दिशांनी असाव्यात : तंतूंना समांतर, तिरक्या आणि आडव्या. शेजारी दोन-तीन मिलिमीटर व्यासाचे काही ठिपके आणि तेवढीच काही भोके ठेवावीत. पट्टीवर काळा रंग लावून एक छाप घ्यावी. नंतर ओल्या ब्रशने गोल गोल दहा-वीस वेळा घासून, पुन्हा रंग लावून दुसरी छाप घ्यावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात.

पहिल्या छापेत बहुतेक सगळ्या रेषा उमटलेल्या दिसतात. दुसऱ्या छापेत तंतूंना आडव्या जाणाऱ्या बारीक रेषा तुटक होतात, कारण तिथे प्रत्येक रेषा म्हणजे आखूड तंतूंच्या तुकड्यांची रांग असते आणि ब्रश ते तुकडे एकेक करून उपटतो. समांतर जाणारी ०.३ ची रेषा टिकते आणि आडवी ०.३ ची जाते, असे दिसले तर चित्रातल्या आडव्या रेषा ०.५ पर्यंत जाड कराव्यात किंवा रचना फिरवून बारीक रेषांचा पुंजका तंतूंच्या दिशेने आणावा. लेझरच्या पट्टीवर आणखी एक गोष्ट मोजावी : ०.६ ची म्हणून दिलेली रेषा प्रत्यक्षात किती उरली? झोताची रुंदी दोन्ही बाजूंनी थोडी रेषा खाते, आणि तेवढी भर फाइलमध्ये आधीच घालावी लागते.

रंगठसे कोरणे

चाचणीची मापे हाती आली की रंगठसे एका बैठकीत कोरून घ्यावेत. यंत्राच्या दोन अक्षांत मापाचा अगदी थोडा फरक असू शकतो, म्हणून सगळ्या फळ्या पाटावर एकाच दिशेने ठेवाव्यात. चूक झालीच तर ती सगळ्या ठशांत सारखी होते आणि जुळणीत दिसत नाही.

खोली दोन टप्प्यांत ठेवावी. आकाराच्या कडेपासून पाच-सहा मिलिमीटरपर्यंत दीड ते दोन मिलिमीटर पुरते. त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत तीन ते चार मिलिमीटर हवी, कारण ओलसर कागद बारेनच्या दाबाने मोकळ्या जागेत झुकतो आणि तळाचा रंग उचलतो. चित्रापासून दूरची जागा मुळात खणूच नये. तिथे रंग लावायचा नसतो, आणि कागदाला टेकायला आधार मिळतो.

यंत्रातून निघालेला ठसा लगेच छापता येत नाही. राउटरच्या ठशावरचे उभे राहिलेले तंतू कडक दात घासायच्या ब्रशने काढावेत आणि आतल्या गोल राहिलेल्या कोपऱ्यांना पटाशीने धार द्यावी. लेझरच्या ठशावरची टेप काढायला धीर लागतो, विशेषतः बारीक ठिपक्यांवरची. मग काजळी ओल्या ब्रशने घासून काढावी, पण फळी पाण्यात बुडवू नये, आणि वजनाखाली सावलीत वाळवावी. एवढे करूनही पहिल्या काही छापांत कडेला तपकिरी छटा उतरते. म्हणून वाळूचा फिकट पिवळा लेझरच्या ठशावर छापायचा असेल तर आधी रद्दी कागदावर नुसत्या पाण्याने पाच-सहा छापा काढून टाकाव्यात.

रेषाठसा : सुरी आणि यंत्र एकत्र

जपानी कोरणारा चित्रकाराचे रेखाटन पातळ कागदावर घेऊन ते फळीवर पालथे चिकटवत असे. या नकाशाला हानशिता म्हणतात. आपण तो पातळ जपानी कागदावर लेझर प्रिंटरने छापावा. इंकजेटची शाई खळीच्या ओलाव्याने पसरते, टोनर पसरत नाही. यंत्राने फळीवर आधी चित्राबाहेर दोन बारीक अधिक-चिन्हे कोरून घ्यावीत, नकाशावरही तीच चिन्हे असावीत. फळीला पातळ खळ लावून चिन्हांवर चिन्हे जुळवत कागद पालथा बसवावा, तळहाताने मधून बाहेर दाबत हवा काढावी, आणि तो अर्धवट ओला असताना बोटाच्या टोकाने पाठीचे तंतू गुंडाळत काढून टाकावेत. खाली काळी रेषा जवळजवळ उघडी दिसू लागते. फळी रात्रभर वाळू द्यावी.

आता फळी पाटावरून न हलवता यंत्राकडून जमीन साफ करून घ्यावी, मात्र फाइलमध्ये प्रत्येक रेषेभोवती दोन मिलिमीटरचे कुंपण राखलेले असावे. कागद चिकटवताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी हे कुंपण ते सांभाळून घेते. ठशावरचे बहुतेक लाकूड असे अर्ध्या-पाऊण तासात निघून जाते, आणि उरते ते फक्त हाताचे काम.

हांगितो नावाची तिरप्या पात्याची सुरी मुठीत उभी धरून, दुसऱ्या हाताच्या बोटाने पाते अडवत, ती स्वतःकडे ओढायची असते. पाते रेषेपासून बाहेरच्या बाजूला कलते ठेवावे, म्हणजे रेषेचा पाया तिच्या माथ्यापेक्षा रुंद राहतो. रेषेच्या दोन्ही कडा कापून झाल्या की कुंपणाच्या बाजूने गोल पटाशी चालवली तर दोन मिलिमीटरची पट्टी सुरीच्या कापापर्यंत सहज सुटून येते. इथे यंत्राला आणि हाताला एकमेकांची खरी मदत होते. हाताने सगळा ठसा कोरताना पटाशी रेषेत घुसण्याची भीती असते ती मोठी जमीन काढताना, आणि ते काम आता झालेले असते. पाते १००० आणि मग ६००० नंबरच्या दगडावर लावलेले असावे. बोथट पाते शिनासारख्या मऊ लाकडात तंतू कापण्याऐवजी दाबते, आणि ओलावा लागताच ते पुन्हा फुगून वर येतात.

हाताची रेषा आणि यंत्राची रेषा छापेत वेगळी दिसते का? सपाट रंगाच्या कडेला मला तरी फरक सांगता येणार नाही. दोराच्या वळणात, लाटेच्या टोकाशी निमुळत्या होत जाणाऱ्या रेषेत मात्र तो दिसतो.

केंतो

कागद प्रत्येक ठशावर एकाच जागी बसावा यासाठी फळीवरच दोन खाचा कोरतात, त्या म्हणजे केंतो. छापणाऱ्याच्या बाजूला, उजव्या कोपऱ्यात काटकोनाची खाच आणि त्याच बाजूला डावीकडे सरळ खाच. फाइल उलटण्याआधी काटकोन डावीकडे काढलेला असला पाहिजे, तरच ठशावर तो उजवीकडे येतो. खाचेची खोली कागदाच्या जाडीपेक्षा किंचित जास्त, म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिमीटर, आणि चित्रापासूनचे अंतर किमान एक सेंटिमीटर असावे.

यंत्राने केंतो कोरण्याचा मोह रास्त आहे, कारण चारही ठशांवर तो नेमका एकाच जागी येतो. पण १ मिलिमीटरच्या गोल कटरने आतला कोपरा अर्ध्या मिलिमीटर त्रिज्येने गोल राहतो. कागदाचा टोकदार कोपरा त्या गोलाईवर कधी चढतो, कधी दुमडतो, आणि प्रत्येक छाप थोडी वेगळी सरकते. म्हणून यंत्राने खाच रेघेच्या पाव मिलिमीटर अलीकडे थांबवावी, नेमकी रेघ वरवर आखून घ्यावी, आणि शेवटचा उभा काप रुंद, सपाट पटाशीने हाताने द्यावा. छापताना रंग थोडा सरकलेला दिसला तर खाचेत लाकडाची पातळ कपची चिकटवून किंवा एक साल काढून तो सुधारता येतो.

कागद आणि छपाई

कोझो, म्हणजे कागदी तुती, या झाडाच्या लांब तंतूंचा कागद ओला करून अनेक वेळा घासला तरी फाटत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. जपानच्या एचिझेन भागातला होशो कागद याच कामासाठी प्रसिद्ध आहे. रंग पसरू नये म्हणून कागदाला सरस आणि तुरटीच्या पातळ पाण्याचा हात देतात, त्याला दोसा म्हणतात. तयार दोसा दिलेला कागद मिळाला तर सुरुवातीला तोच घ्यावा. पुण्यात आणि इतरत्र मिळणारा सुती हातकागद सरावाला चालतो, पण त्याचे तंतू आखूड असल्याने दोन-तीन ठशांनंतर पृष्ठभाग उचकटू लागतो.

छपाईच्या आदल्या संध्याकाळी दर तिसऱ्या कागदावर ओला ब्रश फिरवून गठ्ठा करावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा आणि वर वजन ठेवावे. सकाळी कागद गार आणि लवचीक लागला पाहिजे, पण त्यावर पाण्याची चमक दिसता कामा नये. कागद ओला झाला की वाढतो आणि सुकला की आकसतो, म्हणून सगळ्या रंगांची छपाई होईपर्यंत ओलावा सारखा राखावा लागतो. यंत्राने ठसे कितीही अचूक कोरले तरी मे महिन्याच्या कोरड्या दुपारी पंख्याखाली ठेवलेला कागद ती अचूकता दहा मिनिटांत घालवतो. कोकणातल्या पावसाळ्यात उलट अडचण येते. गठ्ठ्याला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून काम अर्धवट राहिले तर गठ्ठा फ्रिजमध्ये ठेवावा.

ठसा आधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. उठावावर रंगाचे दोन-तीन ठिपके आणि शेजारी वाटाण्याएवढी खळ ठेवून घोड्याच्या केसांच्या ब्रशने गोल फिरवत मिसळावे, मग एकाच दिशेने हलके हात मारून पसरावे. बुटांचा नवा घोडेकेसाचा ब्रश यासाठी चालतो. खळ कमी पडली तर रंग ठिपक्याठिपक्यांनी उमटतो, जास्त झाली तर कडेला जाड थर साचतो. कागदाचा कोपरा आधी उजव्या काटकोनात टेकवावा, मग कड डाव्या खाचेला लावावी आणि कागद सोडावा. वर गुळगुळीत पातळ कागद ठेवून बारेन नागमोडी फिरवावा. दाब खांद्यातून यावा, मनगटातून नाही. आधी रेषाठसा, मग फिकट रंग, मग गडद, असा क्रम ठेवावा. पहिले सहा-आठ कागद ठसा ओलावा पिऊन स्थिर होईपर्यंत वाया जातात, ते मोजूनच गठ्ठा घ्यावा.

आकाशाचा बोकाशी, म्हणजे वरून गडद आणि खाली विरत जाणारी छटा, ठशाच्या कोरणीत नसते. जिथे रंग विरायचा तिथे ठसा ओल्या फडक्याने जरा जास्त भिजवावा, ब्रशच्या एकाच टोकाला रंग घ्यावा आणि तो कडेला समांतर, न उचलता, पुढे-मागे फिरवावा. रंग कोरड्या बाजूला दाट राहतो आणि ओल्या बाजूला पातळ होत जातो. एका फेरीत गडदपणा येत नाही, त्याच ठशाने दोन-तीनदा छापावे लागते. लेझरने बारीक ठिपक्यांची जाळी कोरून छटा आणण्याचा प्रयोग काही जण करतात. त्यातून वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखे काहीतरी मिळते, आणि मोकुहांगाचा ओला रंग कागदात मुरण्याचा गुण नेमका तिथेच हरवतो.

ठसे तयार असले की त्याच ठशांतून वेगळ्या वेळांची चित्रे काढून पाहावीत. जपानी छापचित्रकार योशिदा हिरोशी यांनी १९२६ च्या शिडाच्या होड्यांच्या मालिकेत तेच ठसे वापरून सकाळ, दुपार, धुके आणि रात्र छापली. पुढे भारताचा प्रवास करून त्यांनी १९३१-३२ मध्ये ताजमहालाची चित्रेही वेगवेगळ्या प्रहरांत छापली, आणि त्या भारतमालिकेत अजिंठा व वेरूळही आहेत. जमीन साफ करण्यात वाचलेला वेळ इथे खर्च करावा.

काम झाल्यावर ठसे गार पाण्याने ब्रशने धुवावेत, पुसावेत आणि सावलीत उभे करून दोन्ही बाजूंनी हवा लागेल असे ठेवावेत. लेझरची काजळी दर धुण्याला थोडी सुटत राहते, तिची काळजी करू नये. छापांचा गठ्ठा टिपकागदांमध्ये आलटून-पालटून घालून वजनाखाली वाळवावा आणि टिपकागद रोज बदलावेत. प्रदर्शनात किंवा विक्रीला देताना माहितीपट्टीवर रेषाठसा हाताने आणि रंगठसे सीएनसीने कोरले, असे सरळ लिहावे. घेणाऱ्यांपैकी बरेच जण तेवढाच प्रश्न विचारतात.